आधी खिडकी बघा, मग झाड आणा

नर्सरीतून आणलेलं झाड घरात पहिले दोन महिने छान दिसतं. तिसऱ्या महिन्यात खालची पानं पिवळी पडायला लागतात, नवी पानं आधीपेक्षा लहान येतात, देठ लांबट आणि पातळ होतात. मग कुणी पाणी वाढवतं, कुणी खत घालतं, कुणी कुंडी बदलतं. पाचव्या महिन्यात ती कुंडी जिन्याखाली जाते. मी बारा-तेरा वर्षं पुण्यात दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये झाडं वाढवते आहे, आणि शेजारपाजारच्या आजारी कुंड्याही माझ्याकडे येत असतात. त्यांतल्या बहुतेकींचं दुखणं एकाच जागी सुरू झालेलं असतं. झाडाला पुरेसा उजेड नव्हता. उजेड कमी म्हणून ते पाणी कमी पीत होतं, आणि न प्यायलेल्या पाण्यावर आपण रोज नवं पाणी ओतत होतो.

म्हणून इथे क्रम तसाच ठेवला आहे. आधी उजेड, मग झाडाची निवड, मग माती आणि त्यानंतर पाणी.

आठ दिवस नुसत्या खिडक्या बघा

एक वही घ्या. घरातल्या प्रत्येक खिडकीचं नाव लिहा आणि आठवडाभर सकाळी ९, दुपारी १ आणि संध्याकाळी ५ वाजता तिथे काय दिसतं ते नोंदवा. ऊन आत येतं का, किती वेळ येतं, कुठपर्यंत येतं. समोर इमारत आहे का, वर छज्जा किती पुढे आला आहे, काच रंगीत आहे का, ग्रिलमध्ये वाळत घातलेले कपडे दिवसभर असतात का. या सगळ्याने उजेड कापला जातो.

नुसत्या नजरेवर विसंबू नका, डोळा इथे फसवतो. भर दुपारच्या उन्हात सुमारे १ लाख लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) उजेड असतो, आणि रात्री ट्यूब लावलेल्या खोलीत जेमतेम १०० ते ३००. आपली बाहुली लहान-मोठी होऊन दोन्हीकडे नीट जुळवून घेते, त्यामुळे आपल्याला खोली ‘चांगली उजेडाची’ वाटते. झाडाला ती सोय नाही. त्याला जेवढा उजेड पडेल तेवढंच अन्न तयार करता येतं.

सोपी परीक्षा अशी. कुंडी जिथे ठेवायची तिथे दुपारी एक पांढरा कागद ठेवा आणि त्याच्यावर साधारण फूटभर उंचीवर हात धरा. सावलीची कड रेखीव दिसली तर उजेड भरपूर. सावली पुसट आहे पण हाताची आहे हे कळतंय, तर मध्यम. सावलीच पडत नसेल तर त्या जागी दिवा किंवा मूर्ती ठेवा. तिथे झाड जगणार नाही, फक्त हळूहळू मरेल.

दिशांबद्दल जे वाचायला मिळतं ते पुष्कळदा थंड देशांतल्या घरांसाठी लिहिलेलं असतं. आपल्याकडे सूर्य वेगळा चालतो. पुण्यात मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. या दोन तारखांच्या मधल्या काळात तो दुपारी चक्क किंचित उत्तरेला असतो. म्हणजे उन्हाळ्यात दक्षिणेच्या खिडकीत ऊन जवळजवळ आत येतच नाही, छज्जाच ते अडवतो. डिसेंबरात उलट. दुपारचा सूर्य तेव्हा दक्षिणेला साधारण ४८ अंशांवर असतो आणि छज्जा लहान असेल तर ऊन खोलीत पाच-सहा फूट आत येतं. म्हणून दक्षिणेच्या खिडकीतली कुंडी उन्हाळ्यात काचेजवळ आणि हिवाळ्यात थोडी आत, अशी मी वर्षातून दोनदा सरकवते.

पूर्वेची खिडकी सगळ्यांत गुणी. सकाळचं कोवळं ऊन दोन-तीन तास मिळतं आणि पानं करपत नाहीत. पश्चिमेची खिडकी मार्च ते मे फार तापते, तिथे पातळ पडदा हवाच. उत्तरेची खिडकी वर्षभर शांत उजेड देते, समोर इमारत नसेल तर बरीच झाडं तिथे सुखाने राहतात.

आणि अंतर. खिडकीपासून दीड-दोन मीटर आत गेलं की उजेड झपाट्याने घटतो. टीपॉयवरचं, टीव्हीशेजारचं, पॅसेजच्या कोपऱ्यातलं झाड मासिकांतल्या फोटोंत शोभतं. फोटो काढून झाल्यावर ते पुन्हा खिडकीशी नेलं जातं की नाही, ते फोटोत दिसत नाही. कोपऱ्यात झाड हवंच असेल तर वर पांढरा एलईडी दिवा लावा. ९ ते १२ वॅटचा, पानांपासून फूटभर अंतरावर, रोज दहा-बारा तास. कमी खर्चाचा आणि खरोखर उपयोगी उपाय आहे.

कोणत्या खिडकीला कोणतं झाड

वही भरली की निवड आपोआप सोपी होते.

मध्यम उजेड असेल तर मनी प्लांट, सिंगोनियम, अग्लोनेमा, पीस लिली. सुरुवात करणाऱ्याने मनी प्लांटपासूनच करावी. मनी प्लांट चोरून आणला तरच वाढतो असं आपल्याकडे म्हणतात. वाढतो तो उजेडाने, पण त्या निमित्ताने एकाची फांदी दहा घरांत गेली हे खरं. त्याची एक गंमत बघण्यासारखी आहे. खाली लोंबता सोडला की पानं लहान होत जातात, आणि काठीवर किंवा भिंतीवर चढवला की मोठी होतात. पिवळ्या नक्षीची पानं हळूहळू साधी हिरवी व्हायला लागली तर समजा, उजेड कमी पडतो आहे.

उजेड जरा कमी आणि घरातली माणसं दिवसभर बाहेर, अशा ठिकाणी स्नेक प्लांट आणि झेडझेड. दोन्ही मूळची आफ्रिकेतली, कोरडे दिवस सोसायला शिकलेली. झेडझेड मातीखालच्या कंदात पाणी साठवतं, स्नेक प्लांट जाड पानांत. ती कमी उजेडात ‘टिकतात’, वाढत नाहीत, हा फरक लक्षात ठेवा. वर्षभरात एकही नवं पान आलं नाही तर झाड फक्त साठवणीवर दिवस काढतंय.

पूर्वेला रेखीव सावली पडणाऱ्या खिडकीत रबर प्लांट, अरेका पाम, स्पायडर प्लांट, जेड. कोरफड, तुळस, गुलाब, जास्वंद, मोगरा यांना घरात आणूच नका. त्यांना गॅलरीतलं थेट ऊन लागतं. हॉलमध्ये ठेवलेली तुळस पंधरा दिवसांत पानं गाळायला लागते, तेव्हा मनाला लागतं, आणि तिचा त्यात काहीच दोष नसतो.

घरात रांगणारं मूल, मांजर किंवा कुत्रा असेल तर इथे थांबा. कच्च्या अळूने घसा खवखवतो हे आपल्याला माहीत आहे, म्हणून तर अळूच्या फदफद्यात चिंच पडते. ती खाज कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांची. मनी प्लांट, सिंगोनियम, अग्लोनेमा, पीस लिली, झेडझेड आणि डिफेनबाकिया ही सगळी अळूच्याच कुळातली, सुरण आणि शेवळंही त्याच कुळातली. पान चावलं तर तोंडात आग होते, जीभ-ओठ सुजतात. डिफेनबाकियाचा त्रास सगळ्यांत जास्त, ते मी लहान मुलांच्या घरात अजिबात ठेवू देत नाही. बाकीची उंच टांगा. स्पायडर प्लांट आणि अरेका पाम मात्र प्राण्यांसाठी निर्धोक समजले जातात.

हवा शुद्ध होते का?

नर्सरीत अर्ध्या कुंड्यांवर ‘हवा शुद्ध करणारं झाड’ अशी चिठ्ठी असते, आणि लोक तेवढ्यासाठी नको ते झाड नको त्या खोलीत नेतात. म्हणून यावर नीट बोलायला हवं.

ही गोष्ट सुरू झाली १९८९ मध्ये. अमेरिकेच्या नासा संस्थेसाठी बिल वुल्व्हर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान, पूर्ण बंद पेट्यांत झाडं ठेवून बेन्झिन, फॉर्मल्डिहाइड अशी द्रव्यं हवेतून किती कमी होतात ते मोजलं. ती कमी झाली. प्रयोग खरा होता, पण तो बंद पेटीतला होता. आपल्या घरात खिडक्या-दारांतून हवा सतत बदलत असते. २०१९ मध्ये फिलाडेल्फियातल्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या ब्रायन कमिंग्ज आणि मायकेल वॉरिंग यांनी असे बरेच जुने प्रयोग एकत्र तपासले. इमारतीतल्या नेहमीच्या वायुवीजनाइतकी हवा झाडांनी स्वच्छ करायची तर दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील, असा त्यांचा हिशेब निघाला. म्हणजे हवेसाठी खिडकी उघडा. झाड दुसऱ्या कामाचं आहे.

‘रात्री झाडं कार्बन डायऑक्साइड सोडतात, झोपायच्या खोलीत नकोत’ ही भीतीही सोडून द्या. दोन-चार कुंड्या रात्री जेवढा सोडतात त्याच्या कितीतरी पट शेजारी झोपलेलं माणूस सोडतं. उलट बाजूने, स्नेक प्लांट रात्री प्राणवायू देतं म्हणून उशाशी ठेवायचं यातही फारसा अर्थ नाही. विसावलेल्या माणसाला दिवसाला सुमारे ५५० लिटर प्राणवायू लागतो, एका कुंडीचं योगदान त्यात नगण्य.

मग फायदा काय? मला वाटतो तो फायदा असा की, घरात बघायला काहीतरी जिवंत असतं. रॉजर उल्रिख यांनी १९८४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांपैकी निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंत दिसणारे ८.७० दिवसांत, आणि पहिल्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. ती झाडं खिडकीबाहेरची होती, कुंडीतली नव्हेत, आणि रुग्णही थोडेच होते. त्यामुळे त्यावरून मोठमोठे दावे मी करणार नाही. पण सासऱ्यांच्या आजारपणात त्यांच्या पलंगासमोरच्या खिडकीत आम्ही सिंगोनियम ठेवलं होतं. गुंडाळलेलं नवं पान उलगडायला किती दिवस लागतात हे ते रोज मोजायचे आणि मी चहा घेऊन गेले की आधी त्याचीच बातमी सांगायचे. औषधांनी त्यांचं दुखणं सांभाळलं, त्या पानांनी त्यांची दुपार सांभाळली. मला एवढा फायदा पुरतो.

शिवाय लहान मुलांना जबाबदारीचं पहिलं काम द्यायला कुंडीइतकं चांगलं काही नाही. चुकलं तर झाड आठवडाभरात सांगतं, आणि बहुतेक वेळा सुधारायला वावही देतं.

घरी आणल्यावरचे पहिले पंधरा दिवस

नर्सरीत झाड घेताना फुलांकडे बघू नका. पान उलटून बघा, देठाच्या बगलेत कापसासारखं पांढरं काही आहे का ते बघा, शेंड्याला नवा कोंब आहे का ते बघा. पुण्याच्या आसपास असाल तर सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचन, सोरतापवाडीच्या बाजूला एकेक झाड निवांत बघून घेता येतं. एम्प्रेस गार्डनच्या फुलांच्या प्रदर्शनातही छान झाडं मिळतात, पण तिथल्या गर्दीत पानाची मागची बाजू बघायला विसरू नका.

आणल्यावर पंधरा दिवस नवी कुंडी बाकीच्यांपासून लांब ठेवा. कीड असेल तर ती या दिवसांत दिसते. काही पानं पिवळी पडतील, घाबरू नका. नर्सरीतल्या शेडनेटखालून, म्हणजे सावलीच्या जाळीखालून, घरात आलेल्या झाडाला जुळवून घ्यायला वेळ लागतो. या काळात खत नको, कुंडी बदलणंही नको.

पंधरा दिवसांनंतर मात्र मुळं बघायलाच हवीत. आपल्याकडे पुष्कळ झाडं चिकट लाल मातीच्या गोळ्यात बांधून येतात. प्रवासात तो गोळा फुटत नाही, म्हणून विकणाऱ्याला तो सोयीचा. घरच्या कुंडीत तोच गोळा वाळला की दगडासारखा होतो, पाणी कडेने वाहून खाली जातं आणि आतली मुळं कोरडी राहतात. ओला असला की तो दिवसेंदिवस वाळत नाही. अशी माती निघाली तर गोळा बादलीभर पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा आणि बोटांनी हलकेच जेवढी सुटेल तेवढी सोडवा. ओढून काढू नका.

कुंडी आणि माती

कुंडीला खाली भोक हवं. यावर तडजोड नाही. भोक नसलेली सुंदर कुंडी आवडली असेल तर साधी प्लॅस्टिकची कुंडी तिच्या आत ठेवा, पाणी घालताना बाहेर काढा, निथळली की परत ठेवा.

तळाशी खडे किंवा विटांचे तुकडे घालायची जुनी सवय आहे. निचरा चांगला होतो अशी समजूत, पण घडतं उलट. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही, माती पूर्ण चिंब होईपर्यंत ते वरच अडून राहतं. म्हणजे ओला थर मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर नारळाच्या काथ्याचा तुकडा किंवा जाळीचा तुकडा ठेवा, माती वाहून जाऊ नये एवढ्यासाठी. बस.

मातीची कुंडी श्वास घेते आणि लवकर वाळते, म्हणून पाणी जरा जास्त घालणाऱ्या हातांना ती चांगली. प्लॅस्टिकची ओल धरून ठेवते, ती विसराळू हातांना. नवी कुंडी जुनीपेक्षा दोन बोटंच रुंद घ्या. मोठ्या कुंडीत लहान झाड लावलं की न वापरलेली माती आठवडेच्या आठवडे ओली राहते आणि मुळं कुजतात.

मिश्रण मी असं करते: दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग पोयट्याची माती, एक भाग चाळलेलं गांडूळ खत, एक भाग परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे) किंवा जाड रेती, आणि कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीटची वीट भिजवल्यावर दोनदा पाणी बदलून धुवा, त्यात क्षार असतात. स्नेक प्लांट, झेडझेड आणि जेडसाठी रेतीचं प्रमाण दुप्पट करा. मूठभर ओलं मिश्रण दाबून मूठ उघडली की लाडू न राहता ते फुटायला हवं.

पाणी

आमच्या घरी आई देवपूजा झाली की तांब्यातलं उरलेलं पाणी रोज स्नेक प्लांटला घालायची. पूजेचं पाणी मोरीत ओतायचं नाही, ही तिची श्रद्धा. तीन महिन्यांत झाड बुंध्याशी मऊ झालं आणि हलकंसं ओढल्यावर हातात आलं. तिला फार वाईट वाटलं. मग आम्ही ते पाणी गॅलरीतल्या तुळशीला आणि पीस लिलीला आळीपाळीने घालायचं ठरवलं, आणि दोन्ही झाडं आजही उभी आहेत. पाणी घालण्याची माया तशीच ठेवता येते, फक्त कोणत्या झाडाला ते ठरवावं लागतं.

‘आठवड्यातून दोनदा’ असा नियम कुणी सांगितला तर मानू नका. तीच कुंडी मेमध्ये तीन दिवसांत वाळते आणि ऑगस्टमध्ये बारा दिवस ओली राहते. माती तपासा. माझ्याकडे त्यासाठी उदबत्तीची जळून उरलेली काडी असते. ती कुंडीच्या कडेने चार बोटं खोल खुपसायची, दोन मिनिटांनी काढायची. ओली माती चिकटून आली तर पाणी नको. कोरडी निघाली तर मनी प्लांट, सिंगोनियम, अग्लोनेमा यांना पाणी द्या. पीस लिलीला काडीवर किंचित ओल असतानाच द्या. स्नेक प्लांट आणि झेडझेडची काडी पार तळापर्यंत कोरडी निघाली तरी आणखी चार दिवस थांबा. महिनाभरात कुंडी नुसती उचलून वजनावरूनही कळायला लागतं.

द्याल तेव्हा पोटभर द्या, खालच्या भोकातून पाणी येईपर्यंत. वाटीभर पाणी रोज, याने वरची दोन बोटं माती ओली आणि खालची मुळं तहानलेली राहतात. पंधरा मिनिटांनी ताटलीतलं पाणी फेका. पावसाळ्यात यात हयगय चालत नाही, कारण डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून उडता डास व्हायला सात-दहा दिवस पुरतात. बाटलीतल्या मनी प्लांटचं पाणीही दर आठवड्याला बदला. नुसतं ओतून टाकू नका, बाटली आतून घासा. डासाची अंडी काचेला चिकटून महिनोन्‌महिने कोरडी राहू शकतात.

कोणतं पाणी? नळाचं चालतं, रात्रभर उघड्या बादलीत ठेवलं तर क्लोरीन बरंच उडून जातं. बोअरचं पाणी जड असेल तर कुंडीच्या कडेला पांढरी पापडी धरते आणि स्पायडर प्लांटची टोकं तपकिरी होतात. अशा वेळी दोन महिन्यांतून एकदा कुंडी न्हाणीघरात नेऊन भरपूर साध्या पाण्याने धुऊन काढा. आरओ मशीनमधून वाया जाणारं पाणी कुंड्यांना घालू नका, त्यात क्षार आणखी एकवटलेले असतात. त्याने फरशी पुसा. एसीचं गळणारं पाणी मात्र जवळजवळ क्षारमुक्त असतं, मी ते नळाच्या पाण्यात निम्मं मिसळून वापरते.

पानं मलूल पडली की लगेच पाणी ओतू नका. तहानलेलं झाडही मान टाकतं आणि मुळं कुजलेलं झाडही मान टाकतं. पानांवरून फरक कळत नाही, मातीवरून कळतो. माती ओली असूनही झाड मलूल असेल तर कुंडीतून काढा, मुळं बघा. पांढरी, टणक मुळं चांगली. काळी, लिबलिबीत, वास येणारी मुळं स्वच्छ कात्रीने कापा, झाड सावलीत दिवसभर वाऱ्यावर ठेवा आणि लहान कुंडीत नव्या कोरडसर मिश्रणात लावा. पहिलं पाणी तीन-चार दिवसांनी. मुळं फारच गेली असतील तर वरची निरोगी फांदी कापून पाण्यात ठेवा, निदान वंश राहील.

नागपूर-अकोल्याकडे उन्हाळ्यात कूलरच्या थेट झोतात कुंडी ठेवू नका, तसंच एसीखालीही. कुंड्या जवळजवळ गटाने ठेवल्या तर आपसांतच थोडी आर्द्रता धरतात. कोकणात उलट काळजी, पावसाळ्यात हवा खेळती हवी, नाहीतर पानांवर डाग पडतात. पुण्या-नाशिकच्या थंडीत पाणी अर्ध्यावर आणा आणि रात्री खिडकीच्या गार काचेपासून पानं जरा दूर ठेवा.

खत, धूळ आणि कीड

खताचं थोडक्यात. फेब्रुवारी ते ऑक्टोबर दर दोन महिन्यांनी मूठभर गांडूळ खत वरच्या मातीत मिसळा, थंडीत काही नको. चहाचा चोथा, केळीची सालं, तांदूळ धुतलेलं पाणी घरातल्या कुंडीत नको. ते तिथे कुजतं आणि चिलटं येतात. कंपोस्टच्या बादलीत घाला, खत झालं की वापरा. उजेड कमी आणि झाड वाढत नाही म्हणून खत घालणं तर सगळ्यांत वाईट.

पंधरवड्यातून एकदा ओल्या सुती फडक्याने पानं दोन्ही बाजूंनी पुसा. रस्त्याकडेच्या घरात पानांवर धुळीचा थर बसतो आणि आधीच कमी असलेला उजेड आणखी कमी होतो. पुसताना कीड सुरुवातीलाच दिसते, हा त्याहून मोठा लाभ.

देठाच्या बगलेत कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. कापसाचा बोळा सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवून एकेक टिपून काढा, आठवड्याने पुन्हा, असं चार वेळा. एकदा करून थांबलात तर तो परत येतो. पानांवर बारीक फिके ठिपके आणि मागे कोळिष्टकासारखी जाळी दिसली तर लाल कोळी. कोरड्या हवेत मार्चपासून येतो. झाड नळाखाली धरून पानांच्या मागची बाजू जोराने धुवा. खोडाला चिकटलेले तपकिरी फोड म्हणजे खवले कीड, ते नखाने खरवडून काढावे लागतात. या तिन्हींनंतर लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि भांड्यांच्या लिक्विड साबणाचे चार-पाच थेंब घालून संध्याकाळी फवारा. साबणाशिवाय तेल पाण्यात मिसळत नाही. आधी एका पानावर करून दोन दिवस बघा.

मातीतून उडणाऱ्या बारीक काळ्या माश्या दिसल्या तर माती सतत ओली आहे एवढाच त्याचा अर्थ. वरची दोन बोटं माती कोरडी होऊ द्या. कृषी सेवा केंद्रात पिवळे चिकट सापळे मिळतात, त्यातला एक छोटा तुकडा कापून कुंडीत खोचा.

गावी जाताना

गणपतीला पाच-सात दिवस घर बंद असेल तर काही विशेष करावं लागत नाही. पावसाळी हवा असते, निघायच्या आदल्या दिवशी पोटभर पाणी पुरतं. अडचण मेमध्ये. तेव्हा कुंड्या खिडकीपासून तीन-चार फूट आत, एकत्र ठेवा. उजेड कमी तसं पाणीही कमी लागतं, ते या वेळी आपल्या कामी येतं. पीस लिलीसारख्या तहानलेल्या झाडांसाठी जुन्या सुती साडीची काठाकडची पट्टी घ्या, भिजवा, एक टोक मातीत चार बोटं खोल पुरा आणि दुसरं उंचावर ठेवलेल्या, झाकण लावलेल्या पाण्याच्या डब्यात सोडा. निघायच्या आधी दोन दिवस करून बघा, पट्टीतून पाणी किती भराभर उतरतं ते कळेल. स्नेक प्लांट आणि झेडझेडला यातलं काहीही करू नका, ती तीन आठवडे सहज राहतात.

जाण्याआधी मनी प्लांटची लांबलेली टोकंही छाटून घ्या. पानाच्या देठापाशी खोडावर जी गाठ असते, तिच्या अर्धा इंच खाली कापायचं. मुळं त्या गाठीतूनच फुटतात, नुसतं पान पाण्यात ठेवलं तर काही होत नाही. तीन-चार टोकं एका काचेच्या बरणीत, गाठी पाण्यात आणि पानं वर. ही बरणी बंद घरात ठेवू नका, पाणी साचून राहील. शेजारी नेऊन द्या आणि आठवड्याला पाणी बदलायला सांगा. परत येईपर्यंत मुळं बोटभर झालेली असतात. मग दोन टोकं त्यांच्या कुंडीत आणि दोन आपल्या.